हाल्दिसने न पाहिलेल्या शर्यती

ओत्तारने दोन्ही हात वर केले, एवढंच त्याचं चुकलं. एरवी स्कीची शर्यत बघताना हात वर करून "हाइया! हाइया!" असं ओरडणं हा नॉर्वेतल्या माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे. पण ज्याच्या हातात अख्ख्या गावाचा अँटेना आहे आणि जो गोठ्याच्या उतरत्या छपरावर उभा आहे, त्याने तो हक्क बजावायचा नसतो.

ग्रानलिया गावात तेव्हा एकच टीव्ही होता, पेडर आणि हाल्दिस यांच्या घरी. ते काही फार पैसेवाले नव्हते. गाव दरीच्या तळाशी, त्यांचं घर वरच्या सोंडेवर, आणि डोंगर ओलांडून येणारं चित्र तेवढ्या एका घरापर्यंत पोचून दमून थांबायचं. त्यामुळे जागतिक स्पर्धेच्या रिलेच्या दिवशी सगळं गाव त्या घरात. खुर्च्यांवर म्हातारे, जमिनीवर तरुण, आणि स्टोव्हच्या कठड्यावर सगळ्यांचे लोकरीचे ओले मोजे. संत्री सोलल्याचा वास, मोज्यांचा वास आणि कॉफीचा वास एकमेकांत मिसळून जो काही वास व्हायचा, तो ओत्तारच्या मते 'जागतिक स्पर्धेचा वास' होता. पुढे त्याने किती शर्यती पाहिल्या, पण तो वास परत आला नाही.

तर त्या दिवशी वाऱ्याने अँटेनाचा खांब वाकवून ठेवला होता. कुणी सरळ धरला तर चित्र, सोडला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. ओत्तार तेव्हा दुधाची गाडी चालवायचा. वर चढायला तोच का, तर बाकीच्यांना बायका होत्या आणि त्या बायका नको म्हणाल्या. ओत्तारला नको म्हणायला कुणी नव्हतं.

पेडर स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहून आतली शर्यत वर पोचवत होता. पेडर लाकूडतोड्या. बोलायचा बेताचंच.

"काय चाललंय?" छपरावरून ओत्तार.

"पळतायत."

"अरे, पण कोण पुढे?"

"स्वीडनवाला."

"आणि आपला?"

"मागे."

शेवटचा टप्पा. शेवटची चढण. आपला माणूस स्वीडनवाल्याच्या पाठीला चिकटला आणि घरातून असा काही आरडाओरडा उठला की छपरावर ओत्तारच्या अंगात आलं. त्याने दोन्ही हात वर केले.

अँटेना एकीकडे गेला, ओत्तार दुसरीकडे. छपरावरून घसरत तो खालच्या बर्फाच्या ढिगात डोक्याकडून घुसला. फक्त बूट बाहेर राहिले. आत पडद्यावर मुंग्या. घरात एकच कल्लोळ. कुणीतरी कोपऱ्यातला जुना रेडिओ लावला. पण तो जुन्या वळणाचा, गरम झाल्याशिवाय तोंड उघडत नसे.

हाल्दिस फावडं घेऊन धावत बाहेर आली. ओत्तारचे बूट धरून तिने त्याला ओढून काढलं, आणि तो तोंडातलं बर्फ थुंकतोय तोवर विचारलं, "अँटेना मोडला का?"

"मी ठीक आहे, हाल्दिस."

"ते दिसतंय मला. अँटेना?"

तेवढ्यात आत रेडिओला कंठ फुटला. बोलणारा बाप्या रडत होता की ओरडत होता ते कळेना, पण एवढं कळलं की आपला माणूस जिंकला. म्हणजे अख्खा नॉर्वे देश ते बघत होता. ग्रानलिया सोडून.

ओत्तारला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण जिंकलेलं गाव मोठ्या मनाचं असतं. कोल्बाइन नावाचा एक गृहस्थ होता. स्की बर्फावर नीट घसरावी म्हणून तिला मेण कुठलं लावावं यावर त्याचं मत घेतल्याशिवाय गावात कुणी घराबाहेर पडत नसे. मत मागितलं नाही तरी तो देत असेच. त्याने स्कीउडीचे पंच देतात तसे ओत्तारच्या पडण्याला शैलीचे गुण दिले. "झेप उत्तम. हवेतली स्थिती बरी. उतरणं अत्यंत वाईट."

पण हाल्दिस हसत नव्हती. ती मुंग्यांच्या पडद्याकडे बघत विचार करत होती. आणि मग कॉफी ओतता ओतता तिने शांतपणे जाहीर केलं, "आपण बघत नव्हतो म्हणून जिंकलो."

ही बाई भोळी नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे. हाल्दिस शाळेची बस चालवायची. उभ्या घाटात, बर्फ तुडवत, गावातल्या दोन पिढ्या तिने शाळेत नेऊन सोडल्या आणि परत आणल्या. टोपी नसलेलं पोर बसमध्ये घ्यायची नाही. पोर रडलं तर आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर दाबायची आणि दिवसभर त्याच्याशी एक शब्द बोलायची नाही, ही शिक्षा. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. पाद्रीबुवांवर नाताळापुरता होता. पण स्कीच्या शर्यतीची गोष्ट वेगळी. मॅच चालू असताना जागेवरून हलायचं नाही असं मानणारी शहाणीसुरती माणसं जगात सगळीकडे असतात. हाल्दिस त्यातलीच, फक्त उलट. तिचं म्हणणं, हलायचं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा फायनल आली तेव्हा तिने सगळ्यांनाच बाहेर काढायचा बेत केला. गाव बंड करून उठलं. "मग टीव्ही कशाला आणलाय, त्यावर फुलदाणी ठेवायला?" कोल्बाइनने विचारलं. शेवटी तडजोड झाली. बाकीच्यांनी बघायचं आणि घरातर्फे एकट्या हाल्दिसने बघायचं नाही. शेवटचा किलोमीटर उरला की ती उठायची, बूट चढवायची, मागच्या लाकडाच्या खोपीत जायची आणि कुऱ्हाड घेऊन सरपण फोडत बसायची. शर्यत संपली की पेडर खिडकीतून हाक मारायचा, "झालं!"

त्या वर्षी आपण जिंकलो. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग एका हिवाळ्यात हाल्दिसचा पाय प्लास्टरमध्ये होता, उठता येईना, तिने डोळे मिटून घेतले. पण शेवटच्या वळणावर राहवेना म्हणून एक डोळा किलकिला केला, आणि तेवढ्यात आपल्या माणसाची काठी मोडली.

झालं. शिक्कामोर्तब.

एरवी हरल्यावर नॉर्वेत दोनच कारणं असतात. एक, मेण चुकलं. दोन, मेण लावणारा चुकला. ग्रानलियात तिसरं आलं. हरलो की सगळ्या माना खोपीच्या दिशेने वळायच्या.

"हाल्दिस, खरं सांग. फटीतून बघितलंस ना?"

"फटीतून गोठा दिसतो, कोल्बाइन. तुला गाईची पाठ आणि टीव्हीचा पडदा यातला फरक कळत नसेल, मला कळतो."

तिची खोप मात्र छपरापर्यंत भरली. सालीची बाजू वर, एकावर एक, रचना अशी की वाटसरू थांबून बघायचे. गावात कुणाकडे सरपण कमी पडलं की माणूस तिच्याकडे यायचा आणि ती एखादी मोळी काढून देताना म्हणायची, "हे घे, हे त्या तीस किलोमीटरच्या शर्यतीचं आहे. चांगलं जळेल, तेव्हा फिनलंडवाला होता मागे." तिच्याकडचं लाकूड जाळताना त्या शर्यतीत कोण जिंकलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत असायचं.

आता कुणी म्हणेल, रात्री बातम्यांत दाखवायचेच की शेवट, तो बघायचा. पण तिला ते पटत नसे. "निकाल कळल्यावर बघायचं म्हणजे जेवून उठल्यावर स्वयंपाकाचा वास घेणं," ती म्हणायची. तिला शेवट सांगायचा तो पेडर. वर्षभर तोंडातून चार शब्द न काढणारा हा माणूस, शर्यतीच्या दिवशी पाव्हणे गेल्यावर टेबलाशी बसायचा. हाल्दिस वॉफल भाजत असायची. आणि तो सुरू करायचा, "तर चढणीवर आला तेव्हा त्याची टोपी कानावर सरकली होती..." चढण, वळण, उतार, मैदानात शिरताना बघ्यांनी वाजवलेल्या घंटांचा आवाज, शेवटच्या रेषेवर टाकलेला पाय. स्वीडनवाल्याच्या मिशीवरचं गोठलेलं बर्फसुद्धा तो सोडायचा नाही. वॉफल करपले तरी हाल्दिसला भान नसायचं. ओत्तार एकदा विसरलेले हातमोजे घ्यायला परत आला आणि दारात थबकला. त्याने स्वतः ती शर्यत तासाभरापूर्वी त्याच खोलीत पाहिली होती, तरी पेडरच्या तोंडून ऐकताना त्याला धाकधूक झाली, आपला जिंकतो की नाही म्हणून.

वर्षं गेली. टीव्ही रंगीत झाला आणि ग्रानलियाला कळलं की आपले लोक निळ्या-लाल कपड्यांत पळतात. इतकी वर्षं सगळेच करडे होते आणि आपला माणूस चालीवरून ओळखावा लागायचा. ओत्तारला तेच बरं वाटायचं. दुरून ठिपका दिसला की कुणीतरी म्हणायचं, "तो खांदा आपला आहे," आणि तो आपलाच निघायचा. मग प्रत्येक घरी टीव्ही आला. मग झाडांच्या शेंड्यांवरून उडणारे कॅमेरे आले आणि कोपऱ्यात आकडे धावू लागले. कोण किती मागे हे आकडेच सांगतात म्हटल्यावर कोल्बाइनला सांगायला काही उरलं नाही, तरी तो सांगतच राहिला. पण फायनल बघायला माणसं हाल्दिसकडेच यायची. आपापल्या घरचे मोठमोठे पडदे सोडून, सोंड चढून.

पेडर एका शरद ऋतूत गेला. त्या हिवाळ्यात फायनल संपल्यावर खिडकीतून हाक मारायला कुणी उठेना. शेवटी ओत्तार गेला आणि त्याने "झालं!" असं ओरडून सांगितलं. रात्री पाव्हणे गेल्यावर तोच टेबलाशी बसला.

"तर आपली पोरगी शेवटी... म्हणजे ती पुढे होती. मग जास्त पुढे गेली. मग जिंकली."

हाल्दिसने वॉफलावर तपकिरी चीज ठेवलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. "खा तू," ती म्हणाली. "तेच येतं तुला."

पेडरने जाण्याआधी एक काम करून ठेवलं होतं. नात सुन्निवा चालायला लागली त्या हिवाळ्यात त्याने स्वतःच्या हाताने तिच्यासाठी स्की केली होती. मुलगी तोरुन शहरात नोकरीला, म्हणून सुन्निवा सुट्टीभर आजीकडे असायची. खोपीपासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून खोपीपर्यंत ती पळायची, आणि हाल्दिस दारातून म्हणायची, "हात लांब टाक. लोणी कापायला निघाल्यासारखी काय करतेस?" ती पोरगी वाढली, तालुक्यात पळाली, मग देशाच्या संघात गेली. दोन मोठ्या स्पर्धांत ती राखीव होती. आणि यंदा जागतिक स्पर्धेच्या रिलेत तिला शेवटचा टप्पा दिला.

ही बातमी ग्रानलियात आली तेव्हा सहकारी दुकानातलं दूध संपेपर्यंत लोक तिथे उभे होते. आनंद होताच, पण लवकरच काळजी सुरू झाली. शेवटचा टप्पा म्हणजे शेवटचा किलोमीटर. म्हणजे हाल्दिस खोपीत. म्हणजे स्वतःची नात पळत असताना आजी लाकडांकडे तोंड करून बसणार.

"बसली पाहिजे," कोल्बाइन म्हणाला. आता तो काठी टेकत यायचा, पण मत काठीशिवाय चालायचं. "एवढ्या वर्षांत नाही बघितलं, आणि आता बघायचं? ऐन फायनलला?"

"तिची नात आहे रे," ओत्तार म्हणाला.

"म्हणूनच. जिंकायचीय ना पोरगी?"

ओत्तारला रागही आला आणि मनातल्या मनात त्यालाही वाटलं, खरंच, उगाच कशाला. मग त्याला स्वतःचाच राग आला. कारण हे सगळं सुरू कुठून झालं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. छपरावरून.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी तो हाल्दिसकडे कॉफीला बसला होता तेव्हा फोन वाजला. सुन्निवाचा आवाज लांबपर्यंत ऐकू यायचा, आजीवर गेली होती.

"आजी, उद्या बाहेर जाऊ नकोस."

"मोजे कोरडे आहेत ना तुझे?"

"आजी, ऐक. मला घरून कुणीतरी बघायला पाहिजे."

"सगळं गाव असेल की बघायला."

"गाव नकोय मला. तू."

हाल्दिसने कॉफीचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "हात लांब टाक," आणि फोन ठेवला.

ओत्तार काही विचारणार होता, पण तीच बोलली. खिडकीकडे बघत. "पेडर होता तेव्हा बाहेर बसणं परवडायचं रे. आत आलं की तो सगळं दाखवायचा. आता बाहेर बसते तर बाहेरच राहते."

"मग बस ना आत."

"आणि हरली तर?"

ओत्तारने कपात साखर घातली. आधीच घातली होती, ती विसरून.

दुसऱ्या दिवशी घर भरलं. जुन्यांपैकी थोडेच उरले होते, पण त्यांची मुलं आली, सुना आल्या. त्यांतले निम्मे हाल्दिसच्या बसमधून शाळेत गेलेले, त्यामुळे आत येताना टोपी हातात. मोजे आता न भिजणारे आले आहेत, तरी सगळ्यांनी ते काढून कठड्यावर वाळत घातले. तिसऱ्या टप्प्याला आपण दुसरे होतो. सुन्निवा निघाली तेव्हा स्वीडनची मुलगी पुढे, आणि पडद्यावर वरून घेतलेल्या चित्रात पांढऱ्या रानात दोन ठिपके.

"तो खांदा आपला आहे," ओत्तार पुटपुटला.

"कोपऱ्यात नाव लिहिलंय तिचं," कुणाची तरी सून म्हणाली.

ठिपके जवळ आले. शेवटच्या किलोमीटरची पाटी आली. आणि हाल्दिस उठली.

इतक्या वर्षांची सवय. दारापाशी गेली, स्टुलावर बसली, एक बूट चढवला. कोल्बाइनने फक्त काठी बाजूला घेतली, तिला जायला वाट करून दिली. दुसरा बूट हातात धरून हाल्दिस थांबली. पडद्याकडे पाठ होती तिची, पण पाठसुद्धा बघायला धडपडतेय असं वाटत होतं.

ओत्तार उठला आणि दाराला टेकून उभा राहिला.

"बाजूला सर, ओत्तार."

"नाही सरत. हाल्दिस, त्या दिवशी मी हात सोडले म्हणून अँटेना पडला. मी गाढव होतो म्हणून पडला. आपला माणूस त्याच्या पायांनी जिंकला. तुझ्या बघण्याशी त्याचा काय संबंध?"

"एवढ्या वर्षांनी सुचलं तुला हे?"

"सुचलं तेव्हाच होतं. तुझ्याशी वाद घालायचं धाडस आज झालं."

"वेळ जातोय!" कोल्बाइन ओरडला. "एक तर बाहेर जा, नाही तर आत ये. दाराच्या फटीतून वारा येतोय!"

"माझ्यामुळे हरली तर?" हाल्दिस हळूच म्हणाली. "कुठल्या तोंडाने बोलू पोरीशी?"

"हरली तर माझ्या नावावर घाल," ओत्तार म्हणाला. "मला सवय आहे."

हाल्दिसने हातातल्या बुटाकडे पाहिलं. तो खाली ठेवला. आणि स्टुलावर बसल्या बसल्या, एक पाय बुटात, एक पाय मोज्यात, ती वळली.

आता त्या शेवटच्या किलोमीटरात काय झालं ते ओत्तारला विचारून उपयोग नाही. त्याने पडदा बघितलाच नाही. त्याने हाल्दिसला बघितलं. चढणीवर तिचे ओठ आवळले. वळणावर तिचा मोज्यातला पाय जमिनीवर सरकायला लागला, डावा, उजवा नाही, नुसता डावा, पुन्हा पुन्हा. "लांब," ती म्हणाली. "हात लांब." उतारावर तिने श्वास धरला. मैदानात घंटा सुरू झाल्या, घरात "हाइया! हाइया!" सुरू झालं. कोल्बाइनने काठी उंच केली आणि वरचा दिवा थोडक्यात वाचला. हाल्दिस मात्र ओरडली नाही. ती पुढे झुकत गेली, झुकत गेली, स्टुलाच्या कडेला आली. तिचा चेहरा असा झाला होता की पेडरने एकदा तरी तो पाहायला हवा होता, असं ओत्तारला वाटलं. तिचा प्रत्येक शेवट त्यानेच तिला दाखवला, आणि हा चेहरा नेमका त्याच्या वाट्याला आला नाही.

मग घरातला आवाज एकदम बंद झाला.

ओत्तारने मान वळवली नाही. त्याला कळलं. एवढी वर्षं शर्यती बघितलेल्या माणसाला शांतता वाचता येते. सुन्निवा हरली होती. स्कीच्या टोकाएवढ्या अंतराने, असं नंतर सगळे म्हणाले, पण हरली ती हरली. जगात दुसरं यावं आणि घरी सुतक पाळावं, असा हा देश.

कोल्बाइनने काठी खाली टेकली. "बोललो होतो मी," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, हाल्दिसकडे बघितलं, आणि मिटलं. नंतर जरा वेळाने तो म्हणाला, "मेण चुकलं." आणि सगळे लगेच म्हणाले, "हो हो, मेणच." इतक्या एकमताने ग्रानलियात कधी काही ठरलं नव्हतं.

ओत्तार हाल्दिसच्या आणि टीव्हीच्या मधे येऊन उभा राहिला, गुडघे वाकवून, तिच्या चेहऱ्याच्या उंचीला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हाल्दिस," तो म्हणाला, "मी अडवायला नको होतं तुला. वाईट वाटतंय ना बघितल्याचं?"

हाल्दिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जोरात ढकललं.

"सरक बाजूला, ती हसतेय की रडतेय ते बघू दे मला."